पेनसिल्व्हेनियाचं टीचिंग सर्टिफिकेट: लेव्हल वनचं लेव्हल टू करताना

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्तीचं शिक्षण पुण्यातलं: बी.एस्सी., एम.एस्सी. गणित आणि मग बी.एड. ग्रीन कार्ड आहे. पेनसिल्व्हेनियाचं सातवी ते बारावी गणिताचं ‘इन्स्ट्रक्शनल वन’, म्हणजेच लेव्हल वन, सर्टिफिकेट ऑगस्ट २०२१ पासून हातात आहे. फिलाडेल्फियाच्या उपनगरातल्या एका चार्टर शाळेत २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२४-२५ अशी तीन वर्षं शिकवून झाली, मधलं एक वर्ष बाळामुळे नोकरी सोडून घरी गेलं, आणि २०२५-२६ हे चौथं वर्ष सुरू आहे. ॲक्ट ४८चे, म्हणजे शिक्षकांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे, ९४ तास नोंदलेले दिसतात. विचारलंय ते असं: सर्टिफिकेट ‘रिन्यू’ कधी करायचं, लेव्हल टूसाठी, म्हणजे पुढच्या पायरीच्या सर्टिफिकेटसाठी, भारतातली एम.एस्सी. चालेल का, आणि नवऱ्याची बदली न्यू जर्सीत झाली तर हे सगळं वाया जाईल का?

पहिली गोष्ट. इन्स्ट्रक्शनल वन ‘रिन्यू’ होतच नाही. एजंट, मैत्रिणी, शाळेतले सहकारी सगळे हा शब्द सैलपणे वापरतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. तुमच्या सर्टिफिकेटवर दोन वेगळी घड्याळं चालू आहेत. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि एक थांबलं तरी दुसरं चालू राहतं.

पहिलं घड्याळ नोकरीचं. लेव्हल वन सर्टिफिकेट सहा ‘सेवा-वर्षां’साठी वैध असतं, कॅलेंडरच्या सहा वर्षांसाठी नाही. तुम्ही त्या सर्टिफिकेटवर पेनसिल्व्हेनियाच्या शाळेत प्रत्यक्ष जितकी वर्षं शिकवाल, तितकीच त्यातून वजा होतात. घरी बसलेलं वर्ष वजा होत नाही, दुसऱ्या राज्यात शिकवलेलंही नाही. चार्टर शाळा सार्वजनिक शाळाच असल्याने तिथली वर्षं मात्र पूर्ण मोजली जातात. म्हणजे तुमची तीन खर्च झाली, चौथं चालू आहे, आणि खंड न पडता शिकवत राहिलात तर सहावं जून २०२८मध्ये संपेल. त्याआधी लेव्हल टू हातात हवं. सहा वर्षांनंतर लेव्हल वन पुन्हा वाढवून मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये.

दुसरं घड्याळ ॲक्ट ४८चं. १९९९चा हा कायदा जुलै २०००पासून लागू आहे, आणि त्याचं घड्याळ निव्वळ कॅलेंडरवर चालतं: सर्टिफिकेटच्या तारखेपासून पाच वर्षं, मग पुढची पाच, मग पुढची पाच. तुम्ही नोकरीत असा, बाळंतपणात असा किंवा नाशिकला आईकडे असा, ते थांबत नाही. दर पाच वर्षांत १८० तासांचं प्रशिक्षण, किंवा कॉलेजची ६ क्रेडिटं, किंवा शिक्षण खात्याने मान्य केलेल्या कोर्सची ६ क्रेडिटं, किंवा या तिन्हींची कोणतीही बेरीज. एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे ३० तास. लेव्हल टू मिळाल्यावरही ही जबाबदारी संपत नाही. लेव्हल टूला सेवा-वर्षांची मर्यादा राहत नाही म्हणून त्याला लोक ‘परमनंट’ म्हणतात, आणि नेमक्या त्याच नावामुळे पुढे ॲक्ट ४८ विसरतात.

आपल्याकडून आलेल्या शिक्षकांना हे पटकन पचत नाही, कारण महाराष्ट्रात बी.एड. एकदा झालं की झालं. टीईटीच्या प्रमाणपत्राला पूर्वी सात वर्षांची मुदत होती, तीही २०२१मध्ये काढून ते आजन्म वैध केलं. इथे पदवी वेगळी आणि शिकवण्याचा परवाना वेगळा, आणि परवाना जिवंत ठेवायचं काम शाळेचं नाही, तुमचं.

आता तुमचा हिशेब. सर्टिफिकेट ऑगस्ट २०२१चं, म्हणजे पहिली पाच वर्षं जुलै २०२६च्या अखेरीस संपतात. नेमकी तारीख ‘पर्म्स’मध्ये दिसेल, पर्म्स म्हणजे शिक्षण खात्याची तासांची नोंदवही. १८०तून ९४ गेले, उरले ८६. एक तीन क्रेडिटांचा कोर्स म्हणजे ९० तास. त्या एका कोर्सने बेरीज १८४ होते आणि विषय मिटतो. वरचे ४ तास पुढच्या पाच वर्षांत जमा होतात; असे जास्तीत जास्त ५० तास पुढे नेता येतात. तोच कोर्स पुढे लेव्हल टूला लागणाऱ्या २४ क्रेडिटांतही मोजला जातो. म्हणून ८६ तास दोन-दोन तासांच्या वेबिनारांनी भरत बसू नका. ॲक्ट ४८साठी दोन्ही सारखेच, पण लेव्हल टूला वेबिनारचा उपयोग शून्य.

एकच दक्षता: कोर्स पूर्ण झाल्याची तारीख मुदतीच्या आत हवी. जानेवारी ते मे असा स्प्रिंगचा कोर्स घेतलात तर निवांत. उन्हाळी सत्रातला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपणारा कोर्स जूनमध्ये सुरू झाला असला तरी या मुदतीत येत नाही. तो पुढच्या पाच वर्षांत जाईल आणि तुम्ही ८६ तासांनी कमी पडाल.

मुदतीत तास भरले नाहीत तर सर्टिफिकेट ‘इनॅक्टिव्ह’ होतं. रद्द होत नाही, पण इनॅक्टिव्ह असताना नियमित शिक्षक म्हणून काम करता येत नाही, फार तर रोजंदारीवर बदली शिक्षक म्हणून मर्यादित काम मिळतं. काही वर्षं शिकवायचंच नसेल तर स्वतःहून इनॅक्टिव्ह करून घेण्याची सोय आहे. पण परत येताना तास दाखवावे लागतातच, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या खंडासाठी तो मार्ग घेण्यात फारसा अर्थ नाही. खात्याच्या एसएएस पोर्टलवर मोफत ऑनलाइन कोर्स आहेत आणि ते ॲक्ट ४८मध्ये धरले जातात. मूल झोपल्यावर रात्री तासभर बसलं तरी वर्षाला ३६ तासांची सरासरी सहज गाठता येते.

पर्म्समधल्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण चुका बहुतेक इथेच होतात. खात्यात तुमची ओळख म्हणजे सात आकडी पीपीआयडी. कार्यशाळेच्या हजेरीपत्रकावर तो आकडा चुकला तर तुमचे सहा तास दुसऱ्या कुणाच्या खात्यात जातात आणि तुम्हाला कोणी कळवत नाही. शाळेच्या इन-सर्व्हिस (शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या) दिवसांचे तास बहुतेक ठिकाणी वर्षाअखेर एकगठ्ठा चढवले जातात. शाळेतली ते काम पाहणारी व्यक्ती बदलली की अख्खं वर्ष गायब झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणून दर जूनला पर्म्स उघडून त्या वर्षाचे तास डोळ्यांनी बघा, आणि प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र पीडीएफ करून ठेवा. २०२१-२२मध्ये शाळेने किती दिवस इन-सर्व्हिस घेतलं ते आठवा आणि ९४शी ताडून पाहा. कदाचित तुमचे तास ९४पेक्षा जास्तच असतील, नुसते चढवले गेले नसतील.

तास देणारी संस्था खात्याची मान्यताप्राप्त असावी लागते. इंटरनेटवरच्या कुठल्याही कोर्सचं रंगीत सर्टिफिकेट चालत नाही, मग तो कितीही चांगला असो. राज्यातली २९ इंटरमीडिएट युनिट्स, म्हणजे शाळांना सेवा देणाऱ्या प्रादेशिक संस्था (आपण आययू म्हणतो), मान्यताप्राप्त आहेत. तुमच्या भागात चेस्टर काउंटी, माँटगोमेरी काउंटी आणि बक्स काउंटीची आहेत. कॉलेजच्या क्रेडिटांचं गणित वेगळं: तो कोर्स तुम्ही स्वतः पर्म्समध्ये भरायचा आणि कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट पाठवायचा. कॉलेजला वाटतं शिक्षक भरेल, शिक्षकाला वाटतं कॉलेज भरेल, आणि कोर्स दोन वर्षं कुठेच दिसत नाही.

याच तासांत बसणारी दोन सक्तीची प्रशिक्षणं आहेत. ॲक्ट १२६ खाली बालशोषण ओळखणं आणि कळवणं, दर पाच वर्षांत ३ तास. ॲक्ट ७१ खाली आत्महत्या-प्रतिबंध, दर पाच वर्षांत ४ तास. हे सहावी ते बारावी शिकवणाऱ्यांना लागतं, म्हणजे तुम्हालाही. याशिवाय तीन क्लिअरन्स, म्हणजे राज्य पोलिसांचा, बालशोषण नोंदवहीचा आणि एफबीआयचा बोटांच्या ठशांचा, दर ६० महिन्यांनी नव्याने काढावे लागतात. त्यांचा सर्टिफिकेटशी थेट संबंध नाही, नोकरीशी आहे. तुमचे २०२१ला नोकरी लागताना काढलेले असतील तर तेही २०२६मध्येच संपतात. ठशांसाठी अपॉइंटमेंट मिळायला ऑगस्टमध्ये वेळ लागतो, मे महिन्यात उरकून टाका.

आता लेव्हल टू. अटी चार: लेव्हल वनवर पेनसिल्व्हेनियात तीन वर्षांची समाधानकारक सेवा, तीही सर्टिफिकेटच्या विषयात, सहामाही मूल्यमापनांत ‘समाधानकारक’ शेरे, म्हणजे तीन वर्षांचे सहा, खात्याने मान्य केलेला इंडक्शन (नव्या शिक्षकांसाठीचा) कार्यक्रम पूर्ण, आणि पदवीनंतरची २४ क्रेडिटं, ज्यांतली किमान ६ तुमच्या विषयाशी किंवा अध्यापन सुधारण्याशी संबंधित. मास्टर्स पदवीची अट नाही. अनेकांना वाटतं की आहे, आणि ते उगाच थांबून राहतात.

सेवा तुमची झाली. पण ती कागदावर आहे का? तीन वर्षांत कधी शाळेने तुम्हाला गणिताऐवजी कॉम्प्युटरचे तास जास्त दिले असतील, किंवा इमर्जन्सी परमिटवर दुसरा विषय शिकवायला लावला असेल, तर तो काळ या तीन वर्षांत धरला जाणार नाही. शाळेच्या एचआरकडून दरवर्षीचा विषय, इयत्ता आणि पूर्णवेळ-अर्धवेळ यांचं पत्र घ्या.

इंडक्शन म्हणजे नुसता मेंटॉर मिळणं नाही. शाळेने शिक्षण खात्याकडून आराखडा मंजूर करून घेतलेला असतो, आणि तो पूर्ण केल्याची नोंद शाळेने ठेवलेली असते. मेंटॉरबाई दर शुक्रवारी भेटत होत्या, खूप मदत केली, पण शेवटी सही-शिक्क्याचा कागद कुणी दिलाच नाही, अशी स्थिती वारंवार दिसते. चार्टर शाळांत याची काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण चार्टर बंद पडू शकतात. शाळा बंद झाली की तुमची सेवा, मूल्यमापनं आणि इंडक्शन यांची खातरजमा करायला माणूस शोधत फिरावं लागतं. आजच्या आज तीन गोष्टी मागून घ्या: इंडक्शन पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, सहाही मूल्यमापनांच्या सह्या असलेल्या प्रती, आणि वर सांगितलेलं सेवेचं पत्र. लेव्हल टूला अजून दोन वर्षं असली तरी.

टेन्युअर (नोकरीत कायम होणं) आणि लेव्हल टू यांचीही सरमिसळ होते, कारण दोन्हींत ‘तीन वर्षं’ आहेत. टेन्युअर हे तुमचं आणि डिस्ट्रिक्टचं नातं, लेव्हल टू हे तुमचं आणि राज्याचं. टेन्युअर मिळाला म्हणून लेव्हल टू आपोआप होत नाही. सार्वजनिक डिस्ट्रिक्टमध्ये टेन्युअर मिळालेला शिक्षक सहाव्या वर्षाअखेर लेव्हल टू न झाल्याने अडकतो, तो याच गैरसमजापायी. चार्टरमध्ये डिस्ट्रिक्टसारखा टेन्युअर नसतोच. उलट चार्टरला ७५ टक्के शिक्षक सर्टिफाइड असले तरी चालतं, त्यामुळे सर्टिफिकेट संपलं तरी शाळा तुम्हाला ठेवून घेईल आणि ‘काही घाई नाही’ म्हणेल. शाळेला घाई नाही हे खरं. उद्या डिस्ट्रिक्टमध्ये अर्ज करायचा असेल तेव्हा घाई तुमची असेल.

आता एम.एस्सी.चा प्रश्न. २४ क्रेडिटं ‘पदवीनंतरची’ हवीत, म्हणजे अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची पदवी ज्या क्षणी पूर्ण झाली असं धरलं गेलं, त्यानंतरची. इथे आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.मुळे गुंता होतो. अमेरिकेची बॅचलर्स चार वर्षांची. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने तुमची बी.एस्सी. एकटीच चार वर्षांच्या पदवीसमान धरली असेल तर एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं आणि बी.एड. पदवीनंतर येतात, आणि तुमच्याकडे २४पेक्षा कितीतरी जास्त क्रेडिटं आधीच आहेत. पण अहवालात ‘बी.एस्सी. अधिक एम.एस्सी.चं पहिलं वर्ष मिळून बॅचलर्स’ असं लिहिलं असेल, तर ते पहिलं वर्ष पदवी पूर्ण करण्यातच खर्च झालं. तेच वर्ष पुन्हा पदवीनंतरचं म्हणून मोजता येत नाही. उरतं दुसरं वर्ष आणि बी.एड.

म्हणून लेव्हल वन घेताना तुम्ही जो कोर्सनिहाय अहवाल काढला होता, तो शोधा. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: समतुल्य पदवी कोणती आणि कोणत्या वर्षाची लिहिली आहे, एम.एस्सी. आणि बी.एड.च्या प्रत्येक पेपरसमोर सेमिस्टर क्रेडिटं दिली आहेत का, की नुसतं ‘पदवी समतुल्य’ असं एक वाक्य आहे, आणि बी.एड.चं काय केलंय. एक वाक्याचा अहवाल क्रेडिट मोजायला निरुपयोगी असतो, त्याला कोर्सनिहाय अहवालच लागतो. तसा नसेल तर त्याच संस्थेकडून वाढीव अहवाल मागवा. नव्याने सगळी कागदपत्रं पुणे विद्यापीठातून काढण्यापेक्षा ते सोपं. आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्ट पाठवायला विद्यापीठाला किती वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा ते काम दिवाळीच्या किंवा गणपतीच्या सुट्टीच्या तोंडावर सुरू करू नका.

हे सगळं जमलं तर कोर्स न करताही तुम्ही आजच लेव्हल टूच्या अर्जाला पात्र असाल. न जमल्यास हवी तितकीच क्रेडिटं भरायची. समजा काहीच मोजलं गेलं नाही, तर आठ कोर्स: स्प्रिंग २०२६मध्ये एक, त्या उन्हाळ्यात दोन, फॉलमध्ये एक, २०२७च्या स्प्रिंगमध्ये एक, उन्हाळ्यात दोन, फॉलमध्ये शेवटचा. डिसेंबर २०२७ला २४ पूर्ण, हातात सहा महिने. शिवाय जुलै २०२६नंतर संपलेल्या पहिल्या दोन कोर्सनीच पुढच्या पाच वर्षांचे १८० तास भरून निघतात.

ही क्रेडिटं कुठून घ्यायची हा पैशाचा आणि पुढच्या बेताचा प्रश्न आहे. आययूचे खात्याने मान्य केलेले कोर्स विद्यापीठापेक्षा बरेच स्वस्त पडतात आणि लेव्हल टूला पूर्ण चालतात. पण ती कॉलेजची क्रेडिटं नव्हेत. उद्या मास्टर्स करायची झाली तर विद्यापीठ ती सहसा घेत नाही, आणि दुसऱ्या राज्यात त्यांची किंमत नसते. पेनसिल्व्हेनियातच राहायचं नक्की असेल तर आययू उत्तम. तुमच्यासारखी न्यू जर्सीची शक्यता डोक्यावर असेल तर विद्यापीठाचे कोर्सच घ्या, तेही असे की पुढे मास्टर्सच्या ३०-३६ क्रेडिटांत बसतील. पगाराच्या तक्त्यात बी (बॅचलर्स), बी प्लस २४ (त्यावर २४ क्रेडिटं), एम (मास्टर्स), एम प्लस १५ असे रकाने असतात. कोणत्या रकान्यात आययूची क्रेडिटं धरतात ते करारात लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. शाळा फी परत देत असेल तर कोर्स सुरू होण्याआधी लेखी मंजुरी घ्यायची. कोर्स संपल्यावर बिल नेलं तर ‘आधी का नाही विचारलं’ एवढंच उत्तर मिळतं.

पदवी न घेता ३६ ग्रॅज्युएट क्रेडिटांवर ‘मास्टर्स इक्विव्हॅलन्सी’ घ्यायचाही एक मार्ग आहे. पगाराच्या रकान्यापुरता तो काम करतो. पेनसिल्व्हेनियाबाहेर त्याला फारसं कोणी विचारत नाही, त्यामुळे तुम्हाला तो सुचवणार नाही.

अर्जाची प्रक्रिया तशी साधी. कीस्टोन लॉगिनने मायपीडीईसूटमध्ये शिरायचं, तिथून ‘टिम्स’मध्ये, म्हणजे खात्याच्या सर्टिफिकेटच्या अर्जांच्या प्रणालीत. नवा अर्ज उघडून लेव्हल वनचं लेव्हल टू हा प्रकार निवडायचा. चारित्र्याविषयीचे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं घाईत टिचक्या मारून देऊ नका. जुनं, मिटलेलं प्रकरण लपवणं हे ते प्रकरण असण्यापेक्षा वाईट ठरतं. मग फी भरायची, कव्हर शीट काढायची आणि कॉलेजांना अधिकृत ट्रान्सक्रिप्ट थेट खात्याकडे पाठवायला सांगायचं. तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवलेला चालत नाही. त्यानंतर अर्ज शाळेच्या प्रमुखाकडे जातो, आणि ते सेवा, इंडक्शन आणि मूल्यमापनाची ऑनलाइन खातरजमा करतात. बहुतेक अर्ज इथेच पडून राहतात. खात्याकडे नाही, शाळेतल्या कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये. अर्ज केला त्याच दिवशी एचआरला मेल करा आणि आठवड्याने टिम्समधली स्थिती बघा. जून ते सप्टेंबर खात्यात गर्दी असते, म्हणून जमल्यास जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज टाका. मंजूर झाल्यावर कागदी सर्टिफिकेट येत नाही, टिम्समधूनच उतरवून घ्यायचं.

आपल्या बायकांच्या अर्जांत हमखास अडकणारी गोष्ट म्हणजे नाव. पुण्याच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं, अमेरिकन कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर मधलं नाव गाळलेलं, आणि टिम्समध्ये पहिल्या अर्जाच्या वेळी जे टाकलं ते चौथं. ट्रान्सक्रिप्ट येतो, पण तुमच्या अर्जाला जोडलाच जात नाही, कारण खात्याच्या लेखी ती व्यक्ती दुसरी असते. अर्जाआधी टिम्समधलं नाव सध्याच्या कायदेशीर नावाशी जुळवून घ्या, विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि ट्रान्सक्रिप्ट मागवताना कॉलेजला ‘पूर्वीचं नाव’ आणि पीपीआयडी दोन्ही त्यावर घालायला सांगा.

न्यू जर्सीबद्दल. तिथली व्यवस्था वेगळी आहे: तिथलं ‘स्टँडर्ड’ सर्टिफिकेट एकदा मिळालं की कायमचं, त्याचं नूतनीकरण नसतं, नोकरीत असताना वर्षाला २० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि ते शाळा सांभाळते. पण पेनसिल्व्हेनियाचं सर्टिफिकेट तिथे आपोआप चालत नाही. राज्याराज्यांतल्या करारामुळे तुमचं शिक्षण आणि अनुभव विचारात घेतला जातो, अर्ज, फी आणि न्यू जर्सीच्या स्वतःच्या अटी तशाच राहतात. तेव्हा जायचंच असेल तर आधी इथलं लेव्हल टू उरका. सेवेची पत्रं, मूल्यमापनं, इंडक्शन हे सगळं इथे असताना एका फेरीत गोळा होतं. नदीपलीकडे गेल्यावर त्याच कागदांसाठी महिने जातात.

गेल्यावर तुमचं इथलं सेवेचं घड्याळ थांबेल, पण ॲक्ट ४८चं चालू राहील. न्यू जर्सीच्या शाळेतली प्रशिक्षणं, देणारी संस्था पेनसिल्व्हेनियाची मान्यताप्राप्त नसेल तर, इथे धरली जात नाहीत. तिथल्या विद्यापीठाची क्रेडिटं मात्र चालतात. पाच वर्षांत दोन कोर्स केलेत की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

लेव्हल टूनंतर पुढे काय, हेही तुम्ही ओघात विचारलंय. गणिताच्या शिक्षिकेला सगळ्यांत सोपा वाढीव विषय म्हणजे भौतिकशास्त्र. इन्स्ट्रक्शनल सर्टिफिकेट हातात असताना असे अनेक विषय नुसती प्रॅक्सिसची विषय-परीक्षा देऊन जोडता येतात. ईएसएलसाठी (इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवण्यासाठी) मात्र परीक्षा पुरत नाही, मान्यताप्राप्त कॉलेजचा कार्यक्रम करावा लागतो, आणि आपल्या बहुभाषिक शिक्षकांना त्याचा खरोखर उपयोग होतो. प्रिन्सिपलचं सर्टिफिकेट हा वेगळाच रस्ता; त्यात अनुभव, वेगळा कार्यक्रम आणि पुढे प्रशासकांसाठीचं वेगळं प्रशिक्षण येतं. आणि राष्ट्रीय पातळीवरचं नॅशनल बोर्ड: तीन वर्षं शिकवल्यावर अर्ज करता येतो, चार घटक असतात, एक परीक्षा आणि तीन वर्गातल्या कामाचे पोर्टफोलिओ. प्रत्येकी ४७५ डॉलर म्हणजे १,९०० डॉलर, नोंदणीची फी वेगळी, आणि दर पाच वर्षांनी ते टिकवायचं. तुमचं डिस्ट्रिक्ट त्यासाठी वेगळा भत्ता देत नसेल तर आधी मास्टर्सचा रकाना गाठणं जास्त फायद्याचं.

तुमच्यासाठी नाही, पण एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या आणि असाच प्रश्न विचारणाऱ्या बऱ्याच जणी असतात म्हणून: पूर्वी या राज्यात सर्टिफिकेटसाठी नागरिकत्व किंवा नागरिक होण्याच्या इराद्यासह कायम वास्तव्याचा परवाना लागत असे. २०२३च्या कायदेबदलानंतर वैध वर्क व्हिसा किंवा ईएडी (काम करण्याचा परवाना) असलेल्यांनाही अर्ज करता येतो. त्यांनी कॅलेंडरचं घड्याळ जास्त जपावं. ईएडीच्या नूतनीकरणात नोकरीला खंड पडला तर सेवा-वर्षं थांबतात, ॲक्ट ४८ थांबत नाही.